आधी गाईड, मग बर्फ

टूरच्या जाहिरातीत हॉटेलचे तारे छापतात. नाश्ता धरून की वेगळा, गाडी इनोव्हा की टेम्पो ट्रॅव्हलर, गोंडोलाचं तिकीट कुठल्या टप्प्यापर्यंतचं, सगळं ठळक अक्षरात. बर्फावर तुम्हाला घेऊन कोण जाणार, हे मात्र शोधूनही सापडत नाही. ज्याच्या भरवशावर तुमचं पोर उतारावर उभं राहणार आहे, त्याची बोळवण 'स्थानिक गाईड, उपलब्धतेनुसार' अशी शेवटच्या ओळीत होते. हॉटेल उपलब्धतेनुसार चालेल का तुम्हाला? नाही ना? मग गाईड कसा चालतो?

सहलीच्या गप्पांत सध्या 'ऑफबीट' हा शब्द सारखा कानावर येतो. मनाली नको, गर्दी असते. गुलमर्ग बघून झालं. मग सिस्सू, नारकंडा, चक्राताजवळचं मुंडाली, उत्तरकाशीकडचं दयारा बुग्याल. पासपोर्ट हाताशी असेल तर जॉर्जियातलं गुदौरी, नाहीतर किर्गिझस्तानातलं काराकोल. स्की शिकायची, नवं ठिकाण बघायचं, ही इच्छा उत्तमच आहे. मराठी माणूस बर्फात केवळ फोटोपुरता न जाता घाम गाळायला जात असेल, तर त्याचं मनापासून स्वागत.

पण टूरवाले एक साधी गोष्ट सांगत नाहीत. ठिकाण जितकं कमी माहितीचं, तितकी तिथे गस्त कमी, दवाखाना लांब, दाबून सपाट केलेले उतार नाहीत, वर न्यायला रोपवे नाही. नावाजलेल्या ठिकाणी जे काम चार यंत्रणा मिळून करतात, ते अनोळखी उतारावर एकटा गाईड करतो. म्हणून अशा सहलीची आखणी त्याच्यापासून सुरू व्हायला हवी आणि सगळ्यात जास्त पैसेही त्याच्यावरच खर्च व्हायला हवेत. आपण नेमकं उलट करतो. खोलीला हजारो रुपये मोजतो आणि गाईडशी दोनशे रुपयांवरून घासाघीस करतो.

गेल्या काही वर्षांत पर्यटन किती वेळा बंद पडलं आणि पुन्हा उघडलं, ते आठवून पाहा. मार्च 2020 मध्ये सगळंच थांबलं. भारतातून परदेशी जाणारी नियमित विमानसेवा 27 मार्च 2022 ला पुन्हा सुरू झाली, म्हणजे दोन वर्षांनी. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची घरं तडकली आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये 26 माणसं मारली गेली. त्यात डोंबिवली, पुणे आणि पनवेलची माणसं होती, आणि पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर काश्मीरमधली 48 पर्यटनस्थळं बंद झाली. पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडत गेली.

दर वेळी उघडताना चर्चा एकच असते: सवलत किती, विमानाचं तिकीट कितीला पडलं, गर्दी परतली का. मधल्या काळात घोडेवाला, स्लेजवाला, स्की शिकवणारा काय खाऊन जगला, हा प्रश्न कोणत्याच पत्रकात नसतो. सीझन बुडालेला माणूस पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही, हे लक्षात घ्या. हवा खराब आहे, आज वर जायला नको, असं सांगायला गाईडच्या घरात चार पैसे असावे लागतात. त्याचा दर पाडून आपण आपलीच सुरक्षितता स्वस्तात काढतो.

लाहौलचं उदाहरण घ्या. अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला, 9.02 किलोमीटर लांबीचा. त्याआधी रोहतांग बर्फाने बंद झाला की लाहौल महिनोन् महिने तुटलेलं असायचं. आता मनालीत नाश्ता करून निघालेला माणूस जेवायच्या आत सिस्सूला पोहोचतो. पण हा बोगदा उघडला ऐन साथीत. नोव्हेंबर 2020 मध्ये लाहौलमधल्या थोरांग नावाच्या छोट्या गावात एक माणूस सोडून सगळे करोनाबाधित निघाले. मग पर्यटकांना बोगद्याच्या उत्तर तोंडापलीकडे जायला मनाई झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पलीकडच्या स्पितीत, काझा गावच्या बायकांनी आपल्याच भागातल्या मंत्र्याला रस्त्यात अडवलं. बाहेरून आलात, नियमाप्रमाणे आधी विलगीकरणात राहा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गुन्हे दाखल झाले ते त्या बायकांवर. माझ्या मते त्या हिवाळी पर्यटनातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मांडत होत्या: दार आमचं आहे, ते कधी उघडायचं हे आम्हालाही विचारा.

आजही सिस्सू-कोकसर पट्ट्यातली गावं जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पर्यटन थांबवतात. हालडा, पूणा हे त्यांचे सण याच दिवसांत येतात. देवकार्याच्या काळात गावात गाड्यांचे हॉर्न, डीजे आणि बर्फातल्या मोटारगाड्या नकोत, असा गावाचा ठराव असतो. स्कीसाठी बर्फ सगळ्यात चांगला असतो तोही याच दिवसांत. कमाईचे दिवस सोडून गाव आपला सण पाळतं, याबद्दल मला नितांत आदर आहे. आणि फेब्रुवारीच्या तारखांना सिस्सू विकणाऱ्या टूरवाल्याने गावात एक फोनसुद्धा केलेला नाही, असं खुशाल समजा.

आता गुलमर्ग. बघून झालं म्हणता, तर काय बघितलं? गोंडोलाच्या फेज वनने कोंगडोरी, फेज टूने अफरवात शिखराचा खांदा, जवळजवळ चार हजार मीटर. वर थंडी वाजली, फोटो काढले, मॅगी खाल्ली, उतरलो. जगभरचे स्कीवाले याच खांद्यासाठी विमानं बदलून येतात, कारण तिथून खाली मोकळ्या, न दाबलेल्या बर्फाचे प्रचंड उतार पसरलेले आहेत. गोंडोलाच्या आसपासचा पट्टा गस्तपथक तपासतं. ताज्या बर्फानंतर धोका वाटला तर फेज टू बंद ठेवतं. त्या हद्दीपलीकडे पाऊल टाकलं की पुढे डोंगर आणि तुम्ही.

1 फेब्रुवारी 2023 ला अफरवातच्या हापतखुड भागात हिमकडा कोसळला. पोलंडचे दोन स्कीवाले गेले, 19 परदेशी आणि त्यांचे स्थानिक गाईड वाचवले गेले. 22 फेब्रुवारी 2024 ला खिलनमर्गच्या बाजूला पुन्हा हिमकडा आला आणि एक रशियन स्कीवाला गेला. ही मंडळी स्थानिक माणूस सोबत न घेता गेली होती, असं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्याआधी 8 फेब्रुवारी 2010 ला याच खिलनमर्गमध्ये लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे 17 जवान हिमस्खलनात गेले. बर्फावरच्या युद्धाचं शिक्षण घेणारी माणसं होती ती. तेव्हा गाईड घेतला म्हणजे धोका संपला, असं मी म्हणणार नाही. 2023 च्या अपघातात गाईड सोबत होतेच. पण त्याच्याशिवाय गेलात तर उतार वाचणारं कोणी नसतं, आणि गाडले गेलात तर कुठे खणायचं हे सांगणारंही कोणी नसतं.

हे थोडं समजून घ्या, कारण तुमच्या आखणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. बर्फ एकावर एक थरांनी साचतो. मधला एखादा थर कच्चा राहतो, भुसभुशीत साखरेसारखा. त्यावर वारा ताजा बर्फ आणून रचतो. 30 ते 45 अंशांचा उतार असेल तर वरची अख्खी लादी सुटायला एका माणसाचं वजन पुरतं. स्कीवाल्यांचा जीव घेणारे बहुतेक हिमकडे त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनी सोडलेले असतात. आणि अंशांचा हाच पट्टा स्कीला सगळ्यात मजेदार वाटतो, हे या खेळाचं दुखणं आहे.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक वेळा तो वाचतो. पस्तीस मिनिटं झाली की तिघांतला जेमतेम एक. पोलिस, लष्कर, हेलिकॉप्टर, कोणीही पंधरा मिनिटांत अफरवातवर पोहोचू शकत नाही. शेजारी उभा असलेला माणूसच तुम्हाला काढू शकतो. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर बीकन, पाठीवरच्या पिशवीत प्रोब आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. बीकन म्हणजे संदेश सोडणारं छोटं यंत्र, प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची लांब काठी. प्लॅस्टिकचं फावडं चालत नाही, कारण घसरून थांबलेला बर्फ दगडासारखा घट्ट होतो. तिथे धातूचंच लागतं.

चांगला गाईड कसा ओळखावा, हे मी गुलमर्गमध्ये पाहिलं. सकाळी गोंडोलाच्या रांगेआधी तंगमर्गकडचा एक चाळिशीतला गाईड आपल्या गटापासून थोडा लांब उभा राहिला. त्याने स्वतःचं बीकन शोधण्याच्या बटणावर लावलं आणि एकेकाला समोरून चालत यायला सांगितलं. प्रत्येक वेळी त्याच्या हातातलं यंत्र टूं टूं वाजत होतं. एका तरुणाच्या वेळी वाजलंच नाही. त्याने जॅकेटची चेन उघडायला लावली, यंत्राचं झाकण काढलं, सेल बाहेर घेतले. सेल गळालेले होते. त्या तरुणाचं तिकीट काढून झालं होतं, मित्र पुढे रांगेत होते, तो कुरकुरायला लागला. गाईड एवढंच म्हणाला, "नया सेल लाओ, फिर चलेंगे." अख्खा गट थांबला. तो तरुण दुकानात जाऊन आला आणि मगच सगळे वर गेले. पैसे द्यायचे ते अशा माणसाला.

दुसरी गोष्ट एका दुसऱ्या बर्फाळ गावातली. स्की भाड्याने देणारं दुकान, बाहेर बुटांचा ढीग. एका नाशिककर कुटुंबातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा बूट चढवून उभा. बूट स्कीला जिथे अडकतो त्या बाइंडिंगवर एक स्क्रू असतो. माणूस पडला की किती जोराने बूट सुटावा, ते त्या स्क्रूवर ठरतं. ते ठरवायला वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की किती येते, एवढं विचारावं लागतं. दुकानदाराने काहीच विचारलं नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचे स्की तसेच पुढे सरकवले. आधीचं गिऱ्हाईक चांगलं भरभक्कम होतं. बाइंडिंग सुटलं नाही की पाय स्कीसकट पिळतो आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटतं. मी बोललो, तेव्हा स्क्रू अंदाजाने फिरवला गेला. मुलाच्या वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. ते बघायचं काम त्यांच्या टूर मॅनेजरचं होतं. तो बसमध्ये जेवणाचे डबे मोजत होता.

अशा दुकानात शिरलात तर एक करा. 'माझं वजन इतकं आहे, सेटिंग त्याप्रमाणे लावा,' असं मोठ्याने सांगा. तो गोंधळला तर बाहेर पडा.

यावर टूरवाल्यांचं उत्तर ठरलेलं आहे: आमचं गिऱ्हाईक अर्ध्या तासाचं स्कीइंग मागतं, त्याला एवढं कशाला? इथेच खरी गोम आहे. चार रात्री-पाच दिवसांचं पॅकेज. त्यात जाणं-येणं दोन दिवस, बाजारहाट एक दिवस, बर्फ उरला दोन दिवस. त्या दोन दिवसांत स्की येत नाही. पहिल्या दिवशी माणूस बुटांत उभं राहायला शिकतो. दुसऱ्या दिवशी टाचा बाहेर ढकलून, टोकं जवळ आणून थांबायला शिकतो. 'पिझ्झा बनाओ, घुटना मोडो' असं शिक्षक घसा फोडून ओरडत असतात ते याचसाठी. वळायला, उतरायला, उतारावर स्वतःला सांभाळायला सलग आठवडा हवा. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या हिवाळ्यात ऑफबीट ठिकाणाचं नावही काढू नका. आधी शिका.

आणि शिकायची सोय आपल्या देशात आहे, सरकारी आहे, खाजगी पॅकेजच्या मानाने स्वस्तही आहे. गुलमर्गला केंद्र सरकारची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंग आहे. मनालीची पर्वतारोहण संस्था 1961 पासूनची, तिचे स्कीचे वर्ग सोलंगला भरतात. औलीला गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेत आलं आहे. सह्याद्रीतल्या गिर्यारोहण संस्थांची कितीतरी मुलं डोंगर शिकायला मनाली आणि उत्तरकाशीला जाऊन आली आहेत. त्यांना विचारा. शिस्तीचं शिक्षण कसं असतं, ते ही मुलं सांगतील. कोकणकड्यावर जाताना आपण लीडरचं ऐकतो, उशीर झाला तर लीडर परत फिरवतो आणि कोणी पैसे परत मागत नाही. हीच समज हिमालयात गेल्यावर कुठे जाते?

आरिफ खान हे नाव ऐकलंय का? तंगमर्गचा मुलगा. वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचं दुकान. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू तो. जायंट स्लालममध्ये 45 वा आला. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने 2018 मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत स्लालममध्ये कांस्य मिळवलं. या दोघांच्या गावांत त्यांच्या बरोबरीने घसरत मोठी झालेली अनेक मुलं-मुली आहेत. त्यांना शिकवता येतं, उतार माहीत आहेत, हवा कळते. पदकाच्या दिवशी आपण टाळ्या वाजवतो. हिवाळ्यात त्यांच्याच शेजाऱ्याला रोजावर ठेवायची वेळ आली की टूर कंपनी दिल्लीहून जॅकेट घातलेला 'एस्कॉर्ट' पाठवते. हा अन्याय आहे आणि तो गिऱ्हाईकच थांबवू शकतं.

परदेशाची गोष्ट वेगळी नाही. गुदौरी तिबिलिसीपासून सुमारे 120 किलोमीटरवर, कॉकेशसमधल्या जुन्या मिलिटरी रोडवर. दिल्लीहून तिबिलिसी आणि कझाकस्तानातल्या अल्माटीला इंडिगोची थेट विमानं 2023 मध्ये सुरू झाल्यापासून ही नावं आपल्याकडच्या पॅकेजमध्ये दिसू लागली. युरोपातल्या आल्प्सच्या मानाने खर्च कमी, उतार मोठे, व्हिसा तुलनेने सोपा. याच गुदौरीत 14 डिसेंबर 2024 ला एका भारतीय रेस्टॉरंटच्या वरच्या खोल्यांत 12 कामगार मेलेले सापडले. 11 भारतीय, एक जॉर्जियन. वीज गेल्यावर बंदिस्त जागेत जनरेटर चालू होता, आणि प्राथमिक तपासात मृत्यूचं कारण कार्बन मोनॉक्साइड निघालं. पंजाबातून पोट भरायला गेलेली पोरं होती त्यांत. ज्या टेबलावर आपली पर्यटक मंडळी 'परदेशातही दाल-रोटी मिळते' म्हणून खूश होतात, ती दाल-रोटी करणारी ही माणसं. त्यांच्या झोपायच्या जागेत खिडकी होती का, हे विचारणं पर्यटकाचं काम नाही, असं कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. ज्या टूरवाल्याचा तिथल्या हॉटेलशी वर्षाचा करार आहे, त्याला हे विचारता येतं. त्याला विचारायला भाग पाडणं आपल्या हातात आहे. आणि स्वतःच्या बॅगेतही कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म टाका. गुदौरी असो वा गुलमर्ग, बंद खोलीत बुखारी, शेगडी, जनरेटर दिसला की खिडकी किलकिली ठेवा.

किर्गिझस्तानातली दोन गावं मात्र मी मुद्दाम सुचवीन. काराकोलजवळचं जिरगालान हे कोळशाच्या खाणीचं गाव. सोविएत काळ संपला, खाणीचं वैभव गेलं, आणि गावाने घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला, वाटा आखायला, हिवाळ्यात स्कीवाल्यांना डोंगरावर न्यायला सुरुवात केली. दक्षिणेकडचं अर्सलानबोब अक्रोडाच्या जंगलासाठी प्रसिद्ध. तिथे गावाची पर्यटन व्यवस्था पाहुणे घरोघरी वाटून देते, गावातलीच माणसं स्कीचे गाईड म्हणून तयार झाली आहेत. रोपवे नाही. घोड्यावरून वर जायचं, नाहीतर स्कीच्या तळाला पट्ट्या लावून चढायचं. म्हणजे हे नवशिक्याचं ठिकाण नाही. दोन-तीन हिवाळे अंगाखालून गेल्यावर जा. पण पैसा कुठे जावा, गाईड कोणाचा असावा, याचा धडा या गावांनी घालून दिला आहे. आपल्या मुंडालीने, दयाराखालच्या रैथल-बार्सूने तो उचलायला काही हरकत नाही.

विमानाच्या भरवशावर मात्र तारखा घट्ट बांधू नका. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, आणि इंडिगोची दिल्लीहून अल्माटी, ताश्कंदची उड्डाणं एका झटक्यात स्थगित झाली. श्रीनगरची विमानं बर्फात रद्द होतात, जम्मू-श्रीनगर रस्ता रामबनला बंद पडतो. आगेमागे दोन दिवस मोकळे ठेवलेत तरच ती आखणी. ज्या पॅकेजमध्ये शेवटच्या दिवशी सकाळी गोंडोला आणि दुपारी विमान लिहिलंय, ते परत द्या.

आणि बर्फच पडला नाही तर? जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग कोरडं होतं, जिथे पांढरं असायला हवं तिथे पिवळं गवत. फेब्रुवारी 2025 मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथे बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या. हे आता वारंवार होणार. अशा वेळी हॉटेल रद्द केल्याची रक्कम कापून घेतं, विमान कंपनी कापून घेते, आणि बिनबोभाट बुडतो तो गाईड. माझी मागणी साधी आहे. करारात गाईडच्या रोजाचा ठरलेला भाग बर्फ पडो न पडो त्याला मिळेल, असं लिहा. त्याने तुमच्यासाठी ते दिवस राखून ठेवलेले असतात.

विम्याबद्दल एकच सांगतो, पॉलिसी उघडून 'साहसी खेळ' हे कलम वाचा. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुतेक वेळा बसत नाही, आखलेल्या उताराबाहेरचं तर नाहीच. जास्तीचा हप्ता भरून घ्यावं लागतं. हेलिकॉप्टरचा खर्च त्यात आहे की नाही, हे कलम शब्दशः वाचा.

हिमस्खलनाचे इशारे आपल्याकडे निघतात. चंदीगडची डीआरडीओची डीजीआरई ही संस्था ते काढते, जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण जिल्हावार जाहीर करतं. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. बसमध्ये रोज सकाळी अंताक्षरी घेणारा टूर मॅनेजर हा इशारा वाचून दाखवतो का? दोन मिनिटांचं काम आहे. पर्यटन मंत्रालयाची 2018 ची साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत स्कीइंग आहे. ती पाळता का, असं विचारल्यावर समोरचा चाचरला तर समजून जा.

बुकिंगचे दिवस जवळ आलेत. यंदा फोन कराल तेव्हा हॉटेलचा विषय शेवटी काढा. आधी विचारा की गाईडचं नाव काय, तो कुठल्या गावचा, कुठे शिकला, किती जणांमागे एक, बीकन-प्रोब-फावडं प्रत्येकाला मिळणार का, हवा बिघडली तर वर जायचं नाही हे ठरवायचा अधिकार कोणाचा, आणि त्या दिवसाचे पैसे त्याला मिळणार का. मुलाला स्की शिकवायचं असेल तर सात दिवसांचा वर्ग मागा. उत्तरं नीट मिळाली नाहीत तर पैसे भरू नका, दुसरा टूरवाला शोधा किंवा थेट त्या गावच्या गाईडला फोन लावा. आणि त्याने सांगितलेला रोज घासाघीस न करता द्या.